पौषातली सावली

विनता राजस्थानात सौरऊर्जेच्या प्रकल्पावर काम करते. दिवाळीत तिचा फोन आला. "बाबा, आपल्या गोरखपूर भागातल्या दहा इमारतींनी छतावर पॅनेल घ्यायचं ठरवलं, की कंपनी आपल्या जबलपुरातच देखभालीचं केंद्र उघडणार आहे. होळीच्या आत ठरलं तर माझी बदली. नाही तर इथंच तीन वर्षांचा करार."

नऊ इमारती तयार होत्या. दहावी आमची. सरकारी अनुदान होतंच. सहापैकी पाच घरांनी सह्या केल्या. राहिल्या समोरच्या भानुमतीबाई.

"गच्ची तुमच्या पॅनेलनं झाकली, तर मी कुरडया कुठं वाळवू?"

"मोजूनच दाखवतो," मी म्हटलं.

पौषातली दुपार होती. माझ्या शिकवणीच्या मुलांनी गच्चीच्या दक्षिण कडेला पॅनेलच्या उंचीची काठी उभी धरली आणि सावलीच्या टोकाला खडूने रेघ मारली. सावली पार कपड्यांच्या दोरीपर्यंत गेली.

"पाहा मास्तर, तुमच्याच पोट्ट्यांनी दाखवलं न! अर्धी गच्ची काळी. माह्या कुरडया काय तुमच्या टकलावर वाळवू?"

मुलं फिदीफिदी हसली. मीही हसलो. मग माझी चूक माझ्या ध्यानात आली. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, सावल्या लांबतात. कुरडया तर उन्हाळ्यात घालतात. चाळीस वर्षं हेच शिकवलं होतं. बाईंना परोपरीने समजावलं.

"चलो, मग उन्हाळ्यातच दाखवा," त्या म्हणाल्या.

होळी झाली. विनताने करारावर सही केली. फोनवर तेवढंच सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, गच्चीवर आता ऊन कुठपर्यंत येतं?"

मी वर जाऊन, पाहून सांगितलं.

चैत्रात त्याच वेळी तीच काठी धरली. सावली वीतभरच पडली. भानुमतीबाईंनी चिकाचे हात पदराला पुसले आणि सही केली. "आता पोरीला बोलवा न, मास्तर."

"बोलावतो," मी म्हटलं. खरं सांगवलं नाही.

वैशाखात पॅनेल आली. बसवायला, दहा इमारती झाल्यावर उघडलेल्या नव्या केंद्रातली मुलगी आली, मीरा, जबलपूरजवळच्या कुंडम गावची. कमरेला नट कसायचे पाने, डोक्याला ओढणी. भानुमतीबाईंनी तिला तळलेल्या कुरडया दिल्या. मी विचारलं, "घर दूर पडत असेल?"

"नहीं दादाजी. शाम की बस से रोज़ घर जाती हूँ. बाबूजी स्टैंड पर खड़े रहते हैं."

सगळं आवरेपर्यंत पाच वाजले. ती अजून तारा गुंडाळत होती. मी तिच्या हातातून वेटोळं घेतलं.

"हे मी करतो. तू नीघ, बाळ. बस चुकेल."