मागाचं शास्त्र

प्रेमिलाच्या हातून तिसरी स्लाइड फुटली, ती अडुसष्ट सालच्या जानेवारीतली मंगळवारची दुपार होती. आवाज तो केवढा, तर बांगडी पिचावी एवढा. पण मेडिकल कॉलेजच्या त्या लांबलचक हॉलमधल्या सगळ्यांनी माना वळवल्या.

"घ्या! हे तिसरी," नत्थूभाऊ दुरूनच ओरडला. तो तिथला जुना अटेंडंट. स्लाइडांच्या लाकडी पेट्या त्याच्या ताब्यात असत आणि तो त्या लेकरांसारख्या जपे. "काहून वं माय, हे मायक्रोस्कोप हाये का उखळ? उलटीच ठेवली पुन्हा!"

मागच्या बाकावरून कोणीतरी फिस्सकन हसलं. प्रेमिलाच्या कानशिलांतून मात्र वाफा निघाल्या. दुसरी स्लाइड फुटली तेव्हाच डॉ. सत्यवती मॅडमनी बजावलं होतं, "आणखी एक फोडलीस तर मी तुझी टर्म भरणार नाही." टर्म नाही म्हणजे परीक्षा नाही. परीक्षा नाही म्हणजे उमरेडची एस.टी. आणि कामठीचं ते स्थळ. वडिलांनी, रामाजींनी, एकच वर्षाची मुदत दिली होती. विणकरांच्या त्या सबंध आळीतून डॉक्टरकीला आलेली ती पहिली पोर. पहिली परतही तीच जाणार, असं आता दिसत होतं.

चार वाजता हॉल रिकामा झाला. मॅडमनी तिला बोलावलं. फुटकी काच त्यांनी उजेडात धरली.

"पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? पातळ झाकण वर. उलटी ठेवली की मोठ्या भिंगाला ती जाड काच आडवी येते. मग तू ते खाली खाली आणतेस आणि काच फुटते. तीनही वेळा उलटी! हे निष्काळजीपणाचं लक्षण नाही, प्रेमिला. ही सवय आहे. कुठली?"

प्रेमिला पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हात आपोआप वळतो, मॅडम."

"म्हणजे?"

"आमच्या घरी लुगडं कोणी सुलट बघत नाही. सुलट गिऱ्हाइकानं बघायचं. बाबा आधी पालथं करतात. गाठी मागल्या बाजूला असतात, तुटलेलं सूत तिकडंच कळतं. मीही लहानपणापासून तसंच..."

दारात पेटी पुसत उभा असलेला नत्थूभाऊ पुटपुटला, "आता काच का लुगडं हाये, पालथी करून पाहाले!"

मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, हातात धरून ठेवला.

"हिस्टॉलॉजी म्हणजे काय?"

"ऊतींचा सूक्ष्म अभ्यास," प्रेमिलानं एका दमात घोकलेलं म्हटलं.

"ते पुस्तकातलं झालं. शब्दाचा अर्थ विचारतेय. नाही ना ठाऊक? मलाही कोणी शिकवला नव्हता, मी कोशात शोधला. ग्रीक भाषेत हिस्टोस म्हणजे माग. उभा माग, कापड विणायचा. टिश्यू म्हणजे विणलेलं. आणि आपल्याकडच्या पंडितांनी ऊती शब्द घेतला, त्याचंही मूळ संस्कृतात विणण्यातच आहे."

प्रेमिलानं मान वर केली.

"नडगीच्या हाडाला टिबिया म्हणतात, ती बासरी. गुडघ्याची वाटी, पटेला, म्हणजे छोटी ताटली. मसल म्हणजे चिमुकला उंदीर; दंड फुगवला की कातडीखाली पळतो ना, तसा. ज्यांनी पहिल्यांदा माणूस उघडून पाहिला, त्यांच्याजवळ नावं कुठली असणार? घरात होतं तेच त्यांनी आत पाहिलं."

चार महिने ज्या शब्दांनी प्रेमिलाचा छळ मांडला होता, ते शब्द एकाएकी ओसरीवर येऊन बसल्यासारखे झाले. बासरी, ताटली, उंदीर. आणि माग! बाबांचा माग, उमरेडच्या त्या अंधाऱ्या खोलीतला, ज्याच्या खड्ड्यात पाय सोडून ते चाळीस वर्षं बसले होते. त्याचं नाव या दारावरच्या हिस्टॉलॉजीच्या पाटीवर लिहिलेलं होतं आणि ती रोज त्याखालून मान खाली घालून आत येत होती.

मॅडमनी पेटीतून एक स्लाइड काढून दिली. "माणसाची त्वचा. सुलटी ठेव. आणि पुस्तक सांगू नकोस. विणकराची पोर म्हणून काय दिसतं ते सांग. त्यावर तुझी टर्म ठरेल."

प्रेमिलानं डोळा लावला. गुलाबी धाग्यांचा एक मुलूख उलगडला.

"सूत जाड आहे. एकात एक गुंतलंय, टोपलीच्या विणीसारखं. कुठूनही ओढा, फाटणार नाही." तिनं स्लाइड हळूच सरकवली आणि थांबली. "इथं मात्र वीण मोडली, मॅडम. सगळे धागे एकाच दिशेनं धावताहेत, दाटीवाटीनं. हे मूळचं विणकाम नाही. फाटलं होतं इथं. हे रफू आहे."

"लेबल वाच. निरोगी त्वचा लिहिलंय. अकरा वर्षं मी ही स्लाइड दाखवतेय."

हो म्हटलं असतं तर सुटली असती. पण रफूला वीण म्हणायला तिची जीभ वळेना.

"लेबल काहीही असो, मॅडम. हे रफूच आहे."

नत्थूभाऊचं फडकं थांबलं. मॅडम खुर्ची ओढून वाकल्या. एकदा पाहिलं. भिंग बदललं, पुन्हा पाहिलं. कितीतरी वेळ त्या वर आल्याच नाहीत.

"व्रण," शेवटी त्या अगदी हळू म्हणाल्या. "जुना, भरून आलेला व्रण. कडेला होता, आणि मी नेहमी मधलंच दाखवलं."

"हे केलं कोणी, मॅडम?" प्रेमिलानं विचारलं. "टाका नाही, गाठ नाही. इतकं बारीक काम बाबांनाही जमायचं नाही."

"ज्याची ही त्वचा, त्याचं त्यानंच. कोण होता देव जाणे. लागलं असेल, बांधलं असेल फडकं. मग तो कामावर गेला, जेवला, झोपला. आणि आत माग चालूच."

कॉलेजात इतकी वर्षं काढलेल्या नत्थूभाऊनं स्वतःच्या कोपरावरची जुनी खूण चाचपून पाहिली.

"म्याडम," जरा वेळानं तो म्हणाला, "पाच वाजून राहिले. कुलूप लावाचं हाये."

"थांबा हो," मॅडम डोळा न काढता म्हणाल्या. डाव्या हातानं त्यांनी प्रेमिलाचं जर्नल चाचपून जवळ ओढलं, उजव्या हातानं पेन उघडलं आणि तसंच, पानाकडे न बघता, टर्मच्या रकान्यात सही केली. सही रकाना सोडून भलतीकडेच तिरपी गेली. पुन्हा आत बघायची आपली पाळी कधी येते, याची वाट बघत प्रेमिला मायक्रोस्कोपशेजारी उभी राहिली.