वाळूवरचा गिलावा

मी एक लाल बादली बोलतेय. पलटणीच्या स्वयंपाकघराबाहेर लाकडी घोडीला टांगलेली, अंगावर पांढऱ्या अक्षरांत 'आग' लिहिलेली. गोड ऐकायला आला असाल तर आल्या पावली परत फिरा. माझ्या तोंडी आता साखर उरलेली नाही.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. घडवणाऱ्याने माझं बूड मुद्दाम गोल ठेवलं, त्यामुळे जमिनीवर ठेवली की मी कलंडते. सपाट बुडाची बादली टांगली, तर माणसं दुसऱ्याच दिवशी ती न्हाणीत नेतात. म्हणजे तुमचं पाणी त्याने आधीच जोखलं होतं.

माझ्यात कोरडी, चाळलेली वाळू भरली. काम एकच, तेलाने पेट घेतला की त्यावर रिती व्हायचं. तोवर माझं काय केलंत? विड्या विझवल्यात, चहाचा चोथा टाकलात, थुंकलात. शूरवीर म्हणे! मला वळसा घालून एकजण गेला असेल तर शपथ.

स्वयंपाकघराचा कारभार हवालदाराकडे होता. आचारी म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. चारचौघांत तो त्याला 'हवालदारसाहेब' म्हणायचा, एरवी 'दाजी'. पोराच्या हाताला अशी चव की जवान बोटं चाटत उठायचे.

एकदा ऐन पाहणीच्या दिवशी मांजरीने माझ्या वाळूत आपला कारभार उरकला. मोठे साहेब वाकले, नाक धरून उठले आणि सगळ्यांसमोर त्यांनी हवालदाराची बिनपाण्याने केली. त्याची बढती तोंडावर आली होती. दिवसभर धुमसला आणि दिवस कलताना घमेल्यात सिमेंट कालवून आला. माझ्या वाळूवर बोटभर गिलावा ओतून त्याने तो थापीने गुळगुळीत केला.

"दाजी, आग लागली तर?" आचाऱ्याने विचारलं.

"आग कधी लागलीये इथे? पाहणी मात्र दर महिन्याला होते. तू तुझी कढई सांभाळ."

पुढच्या पाहणीला साहेब खूश. "वाळू असावी तर अशी!" म्हणाले आणि बाकीच्या स्वयंपाकघरांतली माणसं मला बघायला पाठवली. रांगेने आली, मान डोलावून गेली. एकाही शहाण्याला मला बोट लावून बघावंसं वाटलं नाही. माझ्या घशात दगड बसला होता आणि लोक माझ्या रूपाचे गोडवे गात होते.

मग एका दुपारी, तळण चालू असताना, कढईतलं तेल भडकलं. कुणीतरी पाणी घेऊन धावलं.

"पाणी नको, तेल आहे ते! वाळू आणतो!" आचारी ओरडला आणि त्याने मला घोडीवरून उचकटलं. उचल, धाव, ओत. कवायतीत घोटून घेतलेलं ते अंगात मुरलेलं. त्या घाईत गिलावा कुणाला आठवणार? त्याने मला कढईवर पालथी केली. एक कण पडला नाही. त्याने मला गदागदा हलवलं, बुडावर बुक्क्या मारल्या. ज्वाळा हाताशी आल्या तरी तो मला सोडेना.

"दाजी, फुटत नाहीये हो!"

हवालदार धावत आला. मला हिसकावून पायरीवर आपटलं, तेव्हा कुठे गिलावा तडकला. त्याने वाळू ओतली, आग विझली. आचाऱ्याचा उजवा हात मात्र कोपरापर्यंत भाजला, आणि बोटं आखडली ती आखडलीच.

चौकशी झाली. बादली जागेवर होती, रंग ताजा होता, आचारी निष्काळजी होता, असं ठरलं. गिलाव्याबद्दल चकार शब्द नाही. साहेबांनीच तो वाखाणला होता ना! आणि हवालदार? तोही मूग गिळून बसला.

आता आचाऱ्याची बहीण रोज दुपारी पायरीवर बसून भावाला घास भरवते. एकदा हवालदार म्हणाला, "मलाही वाढ की." तिने मान वर केली नाही. म्हणाली, "घ्या हाताने. तुमचे धड आहेत."

मला ठोकून सरळ केलं, पुन्हा रंग फासला, नवी वाळू भरली. आज सकाळी पाहणी झाली. साहेबांनी भुवया चढवल्या. "पूर्वीसारखी गुळगुळीत का नाही?"

आणि काय सांगू, हा हवालदार खरंच घमेलं घेऊन आला! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे दुसऱ्याचा हात गेला तरी जात नाही.

तुमच्या जिन्यात, कचेरीत माझ्या बहिणी टांगलेल्या असतील. त्यांचा रंग बघू नका. आत हात घालून बघा, एवढंच मागते. आचाऱ्याने आत्ता तेच केलं. पायरीवरून उठला, आपला वाकडा हात मनगटापर्यंत माझ्या वाळूत खुपसला आणि हवालदारासमोर उभा राहिला.

"ओता, दाजी. आता याच्यावरच ओता."

हवालदाराची थापी हवेतच थांबली आहे. घमेल्यातलं सिमेंट घट्ट होत चाललंय. त्याने काय करायचं ते त्याचं तो बघेल. मी हा हात सोडणार नाही.