पाठमोरं गिऱ्हाईक

पेणेत गणपती घडवणारे हात गल्लोगल्ली सापडतात. डोळे आखणारे मात्र मोजकेच, आणि त्यात नमिताच्या हातचे डोळे जाणकाराला लांबून ओळखू येत. मूर्तीखाली नाव अर्थात कारखानदाराचं. देवाला दृष्टी देणाऱ्या बाईचं नाव देवालाही ठाऊक नव्हतं.

म्हणून आदेशचं काम तिने लगेच घेतलं. आदेशने रोह्याला लागून वरसे गावात कॅफे काढला होता. वडापाव नेहमीचाच, फक्त काळ्या दगडाच्या ताटलीत येत असल्यामुळे तो मुकाट खावा लागे. भिंतीपाशी काचेच्या पेटीत त्याला एका जगप्रसिद्ध अमेरिकन चित्राचं मॉडेल हवं होतं. रात्रीचा सुनसान रस्ता, कोपऱ्यावर उजळलेलं काचेचं हॉटेल, पांढऱ्या कपड्यांतला नोकर, काउंटरवर लाल झग्यातली बाई, तिच्या शेजारी एक पुरुष, आणि जरा लांब, आपल्याकडे पाठ करून बसलेला एकटा टोपीवाला. खाली पितळी पाटीवर 'नमिता' असं नाव येणार होतं. आयुष्यातलं पहिलंच.

तिने सनबोर्डच्या भिंती उभारल्या, ॲक्रिलिकच्या काचा लावल्या, अंगठ्याएवढी माणसं शाडूची केली. तिघांचे डोळे आखले. चौथ्याचा चेहरा मुळात चित्रातच दिसत नाही, तेव्हा तिथे काही केलं नसतं तरी चाललं असतं. पण डोळ्यांवाचून मूर्ती कारखान्याबाहेर काढायची नाही, आणि आखणी सुरू केली की संपेपर्यंत उठायचं नाही, मान वळवायची नाही, हे पेणेतले दोन नियम तिच्या हाडात मुरलेले. तिने टोपीवाल्याला उलटा धरला. समोर नमुना नसल्यामुळे हाताला आठवले ते डोळे हाताने काढले.

ते नवऱ्याचे निघाले.

हितेश रोह्याच्या कंपनीत सेकंड शिफ्टला म्हणून गेला होता, तो चार वर्षांत परतला नव्हता. तो मारणारा नव्हता, पिणाराही नव्हता. तो नुसता बघत बसायचा. ती भाकरी थापताना, फोनवर बोलताना, झोपलेली असताना. तो असला की घर लहान व्हायचं. तो गेल्यावर त्यांची रामवाडीतली आळी हळहळली, आणि नमिता लग्नानंतर पहिल्यांदा सलग झोपली. हे तिने कुणाला सांगितलं नाही. तो परत येऊ नये, एवढं एकच मागणं ती रोज नव्या गणपतीपुढे ठेवी. डोळे आखण्याआधी, म्हणजे मागणारी कोण ते दिसू नये.

सासू धोंडुबाई खाडीकाठची. तिने मॉडेलमध्ये डोकावून टोपीवाल्याकडे बोट केलं.

"ह्यो माझा हितेश हाय."

"आई, अंगठ्याएवढा आहे तो."

"पोटात व्हता तवा त्याहून लहान व्हता. भायेर कसा येल गो? दार कुठं हाय?"

"रस्त्यावरचं दार चित्रातच नाही. आत एक आहे, ते भटारखान्याचं."

"मग एक ठेव."

"नाही."

दुपारी नमिताने पाहिलं तर टोपीवाल्याचा कान दिसत होता. चित्रात दिसतो त्याहून जरा जास्तच. शाडू सुकताना आकसतो, हे पेणेत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण आकसतो म्हणजे लहान होतो, मान वळवत नाही. तिने त्याला सरळ करून पुन्हा चिकटवलं. दुसऱ्या दिवशी गाल दिसायला लागला. तिने छताचा तुकडा पक्का बंद केला आणि टेम्पो बोलावला.

गडबच्या पुढे महामार्गाने आपली खड्ड्यांची कीर्ती राखली. टेम्पोतलं स्टेपनीसकट सगळं हललं. मॉडेलमधला कपसुद्धा हलला नाही.

"एक नंबर, नमिताताई," आदेश काचेला नाक लावून म्हणाला. "पण दार?"

"चित्रात नाही."

"आमचे वास्तुवाले म्हणतात, दाराशिवाय गिऱ्हाईक अडकतं."

"हॉटेलवाल्याला आणखी काय हवं?"

"बाहेर अडकतं, असं म्हणतात ते. पूर्वेला एक दार पाडा ना. चित्रकार काय वरशाला तपासायला येतोय?"

टोपीवाल्याच्या डाव्या डोळ्याचा कोपरा आता स्पष्ट दिसत होता. तो आदेशकडे बघत नव्हता.

"दार पाडणार असाल तर मी हे परत नेते," नमिता म्हणाली.

"मग पाटी कशी लावणार ताई?"

"नको पाटी."

आदेशला हे आर्टिस्टी वाटलं असावं. त्याने शब्द दिला, दार नाही, म्हणजे नाही. नमिता मोकळ्या हाताने पेणला परतली आणि आठवडाभर बरी झोपली.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी धोंडुबाईने एक भाकरी जास्त थापली.

"कोणाला?"

"असू दे गो," म्हातारी म्हणाली. चेहऱ्यावर लाज होती, नव्या नवरीसारखी.

दुपारी नमिता कारखान्यात होती. आखणीला उजेड समोरच्या खिडकीतून हवा, म्हणून ती नेहमी दाराकडे पाठ करून बसे. मूर्तीचा एक डोळा आखून झाला, त्यावर चकाकी चढवली, तेवढ्यात फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"ताई, रागावू नका," आदेश म्हणाला. "सकाळी सुताराकडून दार पाडून घेतलं. फार गोड दिसतंय. तुमची पाटीपण लावली, नाव एकदम ठळक. फक्त साफसफाईत तो पाठमोरा कुठं पडला, सापडत नाही. एक नवीन पाठवाल का?"

नमिताने फोन बंद केला. बाहेरच्या अंगणात मूर्ती उन्हात लावणाऱ्या बायकांची बडबड चालली होती. ती बडबड एकदम थांबली.

मग कारखाना लहान झाला.

मूर्तीच्या ओल्या काळ्या बुबुळात मागचं दार उमटलं होतं, मोहरीएवढं. त्यात कोणीतरी उभं होतं. डोक्यावर टोपी होती. नेमका केवढा होता, ते त्या बुबुळात कळायला मार्ग नव्हता.

आखणी संपेपर्यंत मान वळवायची नाही. दुसरा डोळा बाकी होता, आणि मांडणीवर मूर्तींच्या अजून दोन रांगा. नमिताने ब्रश रंगात बुडवला आणि दुसरा डोळा फार सावकाश आखायला घेतला.