काड्यापेटीतले सात तुकडे

शनिवारी दुपारी पापांनी मला भिंग धरायला बसवलं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर जुन्या वर्कस्टेशनचा बोर्ड ठेवला होता. आमच्या साल्तो शहरातलं हिवाळी ऊन खिडकीतून तिरकं येत होतं, आणि पापा ऊन सरकेल तसा बोर्ड सरकवत होते.

मेमरीची पट्टी खाचेत तिरकी घालायची, मग उभी करायची, की दोन्ही टोकांचे चिमटे टक्‌ करून तिला धरतात. आठपैकी चार खाचांचे हे प्लास्टिकचे चिमटे मोडलेले होते. चिमटा नसला की पट्टी कलते, टेकत नाही, आणि यंत्र सुरूच होत नाही. अकरा वर्षं ते सुरू झालं नव्हतं.

पापांनी कुठल्याशा भंगारातल्या बोर्डावरून धातूच्या चिमट्यांच्या खाचा मिळवल्या होत्या. जुनी खाच काढायची म्हणजे बहात्तर पायांचं कथील एकेक करून वितळवायचं आणि शोषून घ्यायचं. आठवड्याला एक, अशा तीन झाल्या होत्या. त्या दिवशी चौथी निघाली. भोकं साफ करता करता ते म्हणाले, "जाड बोटं. अस्वलाला घड्याळ दुरुस्त करायला देऊ नये, ते हे असं."

अस्वल म्हणजे मिल्तोन. दोघांनी नदीच्या कचेरीत एकाच खोलीत सव्वीस वर्षं काढली. पाणी कोणत्या रस्त्यापर्यंत चढेल याचं गणित हे यंत्र करायचं. कचेरीने ते टाकून दिलं तेव्हा दोघांनी ते मिल्तोनच्या गाडीतून आमच्या घरी आणलं. मग दर रविवारी येर्बाच्या पानांच्या कडू चहाने भरलेला पोकळ भोपळा आळीपाळीने हातात घेऊन दोघं त्याच्यासमोर बसायचे आणि होऊन गेलेले पूर पुन्हा मोजायचे. आई म्हणायची, दुसऱ्यांचे नवरे निदान मासे तरी धरतात.

"उद्या हे चालू झालं ना," पापा म्हणाले, "तर त्याला फोन करतो. म्हणतो, ये, तू मोडलंस, मी जोडलं, आता बस."

"आजच कर ना."

"आधी जोडू दे. मोकळ्या हातांनी काय बोलावू?" मग वर न बघताच, "भिंग नीट धर."

मी भिंग दोन्ही हातांनी धरलं.

सांगायला याहून सोपी वेळ पुन्हा आली नसती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी उठून शेगडीवर पाणी ठेवलं.

रविवारी सकाळी पापा उठले नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, झोपेतच गेले, त्रास झाला नसणार.

अकरा वर्षांपूर्वी मी चोवीस वर्षांची होते. प्रबंध लिहीत होते आणि माझा संगणक सारखा अडकायचा. वर्गातल्या कुणीतरी सांगितलं, जुन्या यंत्रांतली मेमरी त्याला चालते. एका शुक्रवारी घरात कुणी नसताना मी पापांचं यंत्र उघडलं आणि सहा पट्ट्यांपैकी चार सरळ वर ओढल्या. चिमटे आधी नखाने बाजूला करायचे असतात हे मला माहीत नव्हतं. पट्ट्या माझ्या संगणकाला बसल्याच नाहीत. मी त्या परत जागेवर टेकवून ठेवल्या, झाकण लावलं. ते प्लास्टिक जुनं झालं की बिस्किटासारखं तुटतं, कुणाच्याही हातून तुटलं असतं, हे मी पुढे कधीतरी वाचलं. त्याचा आधार घेऊन पाहिला. टिकला नाही.

त्या रविवारी मिल्तोन दोन नव्या पट्ट्या घेऊन आला, रिकाम्या खाचांत त्याने त्या बसवल्या, आणि यंत्र सुरू होईना. पापांनी वाकून पाहिलं, तर चार खाचांचे चिमटे मोडलेले. मिल्तोन म्हणत राहिला की त्या चारांना त्याने हातच लावला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात किटली घेऊन उभी होते. येर्बा पुरे झाली की माणूस भोपळा परत देताना आभार मानतो. पापांनी त्या दिवशी पहिल्याच भोपळ्याला आभार मानले. मिल्तोन उठला, टोपी घेतली आणि गेला. पापांच्या रागाला मी घाबरले होते, हे पहिल्या आठवड्याचं खरं. नंतर सांगण्यासारखी गोष्ट चिमट्यांएवढी लहान राहिली नव्हती.

दफनाच्या वेळी मिल्तोन सगळ्यांच्या मागे उभा होता. दुसऱ्या आठवड्यात मीच त्याला फोन केला. एक खाच राहिलीय म्हटलं. तो म्हणाला, येतो.

आला तो कथील वितळवायची स्वतःची सोल्डरिंग आयर्न घेऊन. मला म्हणाला, "काय गं किडमिडे, अजून जेवत नाहीस वाटतं." मग टेबलावरचा बोर्ड उजेडाकडे ओढला. पापांनी लावलेल्या तीन खाचांवरून त्याने बोट फिरवलं. "सुबक," एवढंच म्हणाला.

मी भिंग धरलं. त्याची बोटं खरंच जाड होती, पण बहात्तर पायांपैकी एकाचंही कथील शेजारच्याला लागलं नाही.

काम करता करता तो म्हणाला, "मी त्या चारांना हात लावला नव्हता असं मला पक्कं आठवायचं. पण इतकी वर्षं आठवून आठवून आता तेही धड आठवत नाही. तुझा बाप, वाल्देमार, उगीच कशाला म्हणेल? मीच मोडले असणार."

मी भोपळा भरून त्याच्या हातात दिला.

चार वाजता आठही पट्ट्या टक्‌ टक्‌ करत बसल्या. पडद्यावर मेमरीचे आकडे चढत गेले आणि शेवटपर्यंत चढले. मिल्तोनने चष्मा काढून पुसला.

हत्यारं आवरताना त्याला पापांच्या खोक्यात एक काड्यापेटी सापडली. वर पापांच्या अक्षरात लिहिलं होतं: मिल्तोन. आत प्लास्टिकचे सात तुकडे, कापसावर. त्याने ते तळहातावर घेऊन मोजल्यासारखे पाहिले, परत आत ठेवले आणि पेटी सदऱ्याच्या खिशात टाकली.

"माझं आहे, घेऊन जातो," तो म्हणाला. भोपळा माझ्याकडे दिला. "आभारी आहे, पोरी."

तो टोपी शोधत होता. मी भोपळ्यात पुन्हा पाणी ओतलं आणि त्याच्यापुढे धरला. पाणी थोडं टेबलावर सांडलं.

"बस," मी म्हटलं. "ती पेटी तुझी नाही. चिमटे मी मोडले, मिल्तोन. तू यायच्या दोन दिवस आधी. पापांना मी कधीच सांगितलं नाही."