निकाल न देणारा व्हर्न

बेकर्सफील्ड शहरात व्हर्न हॅस्केलला सगळे ओळखायचे ते बेसबॉलचा अंपायर म्हणून. तिशीपासून त्याने मैदानावर माणसं बाद केली होती. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्याने जाहीर केलं, की आता आपण नवराबायकोची भांडणं सोडवणार. कॉलेजात स्वतःच्या मुलांच्या वयाच्या पोरींशेजारी बसून त्याने पदवी घेतली. पण समुपदेशनाचा परवाना मिळण्याआधी अनुभवी समुपदेशकाच्या देखरेखीखाली हजारो तास काम करावं लागतं, आणि मग परीक्षा.

देखरेखीला होती लोर्ना पाचेको. त्याच्या थोरल्या मुलीएवढी. ती त्याच्या बैठकांचं रेकॉर्डिंग बघायची आणि कपाळाला हात लावायची.

"व्हर्न, आज तुम्ही परत निकाल दिलात."

"पण चूक त्याचीच होती."

"असेल. तुम्ही तिथे पंच नाही आहात."

मग आले ड्वेन आणि शार्लीन टटल. शार्लीनची आई वारल्यावर ड्वेनने सासूचा जुना सोफा, शार्लीनला न विचारता, उचलून कचऱ्यात टाकला होता. तेव्हापासून ड्वेन अंगणात उभ्या केलेल्या, झोपायची सोय असलेल्या कॅम्पर गाडीत राहत होता. कॉफीला मात्र रोज घरात यायचा.

"तुम्हीच सांगा, चुकलं कोणाचं?" शार्लीन दर आठवड्याला विचारायची.

मैदानावर बाद देताना जायचा तसा व्हर्नचा उजवा हात आपोआप वर जाऊ लागे. तो हात मांडीखाली दाबून म्हणे, "तुम्हाला काय वाटतं?"

दोन महिने हे चाललं. शेवटी शार्लीन वैतागली. "अहो, मला काय वाटतं ते सांगायला मी पैसे देत नाही."

"माझा न्हावीसुद्धा याहून जास्त बोलतो," ड्वेन म्हणाला.

दोघं उठली आणि तक्रार करायला थेट लोर्नाच्या खोलीत शिरली. व्हर्न मागोमाग, परवाना हातचा गेला अशा चेहऱ्याने.

"हा माणूस काही बोलतच नाही," शार्लीन म्हणाली.

"बरोबर बोलतेय ती," ड्वेन म्हणाला. स्वतःच्या तोंडून हे वाक्य ऐकून तोही जरा दचकला. मग जोरात पुढे म्हणाला, "ती रडते, हा नुसता टिश्यूचा डबा पुढे करतो. ती का रडते ते याला कळत नाही का? शेवटचे सहा महिने म्हातारी त्या सोफ्यावरच होती. मला तो बघवत नव्हता. मीच तर तिला उचलून बसवायचो. रिकामा सोफा बघितला की मला..." तो हातातली टोपी फिरवत राहिला.

शार्लीन त्याच्याकडे वळली. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं कुठे? तू नुसती ओरडत होतीस."

व्हर्नच्या तोंडाशी आलं होतं, 'बघा, दोघांचंही चुकलं.' त्याने ओठ घट्ट मिटले.

"आईला तू उचलायचास तेव्हा ती तुला शिव्या द्यायची," शार्लीन म्हणाली.

"घाण घाण."

ती हसली. मग रडली. डबा या वेळी ड्वेननेच पुढे केला.

दोघं गेल्यावर व्हर्न म्हणाला, "मी तर काहीच केलं नाही."

"तुमची आजवरची सगळ्यात चांगली बैठक," लोर्ना म्हणाली, "आणि तीही माझ्या खोलीत."

ड्वेन लगेच काही घरात राहायला गेला नाही. कॅम्पर विकायला मात्र काढली आणि गिऱ्हाइकं मिळेनात म्हणून आणखी महिनाभर कुरकुरला.

व्हर्न परीक्षेत पहिल्यांदा नापास झाला. बऱ्याच प्रश्नांत त्याने दोषी कोण ते आधी ठरवून टाकलं होतं. दुसऱ्यांदा पास झाला. परवाना फ्रेम करून आणला तेव्हा तो भिंतीवर लावायला बायको जॉइस शिडीवर चढली. हा खाली उभा राहून हळुवार आवाजात म्हणाला, "इथे लावताना तुला आतून नेमकं काय वाटतंय?"

"खिळा दे," जॉइस म्हणाली.