तव्याशिवाय ऑम्लेट

माझी बायको मधुमती गेल्यापासून रविवारच्या नाश्त्याची पाळी माझ्याकडे आली नव्हती. कुणी तसं बोलून दाखवलं नाही. प्रतिमाची पाळी झाली की पद्मिनीची यायची, मग परत प्रतिमाची. मधलं आमचं घर गळून गेलं होतं.

आम्ही वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत राहतो. म्हणजे आता मी एकटाच राहतो. बँकेच्या नोकरीने लखनऊला आणलं आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. सेक्टरच्या पार्कात सकाळी फिरताना ओळखी झाल्या. इंद्रजित सिंह आणि पद्मिनी भाभी शेजारच्याच गल्लीतले, मूळचे इथलेच. देवदत्त आणि प्रतिमा आपल्याकडचे, सोलापूरचे. देवदत्त इथल्या एका संशोधन संस्थेत होता. रविवारी फिरून झालं की कुणातरी एकाच्या घरी नाश्ता, असं किती वर्षं चाललंय.

थंडी सुरू झाली तेव्हा मी पार्कात म्हणालो, "पुढचा रविवार माझ्याकडे."

इंद्रजित म्हणाले, "अरे भाई साहब, खस्ता-जलेबी मँगवा लेंगे. आपके यहाँ बैठकर खा लेंगे."

"नहीं. घर पे बनाऊँगा."

"आप?" ते इतक्या मोठ्याने हसले की पार्कात योगासनं करणारी मंडळी वळून बघायला लागली.

म्हणालो खरा, पण मला काही येत नव्हतं. पोहे करून पाहिले, त्यांचा गोळा झाला. उपमा खाली लागला. मग मुक्ताने, म्हणजे माझ्या मुलीने, बंगळुरूहून एक व्हिडिओ पाठवला. झिपच्या प्लास्टिक पिशवीत दोन अंडी फोडायची, कांदा, टोमॅटो, मिरची, ज्याला जे हवं ते घालायचं, हवा काढून पिशवी बंद करायची, बाहेरून हाताने चुरायची आणि उकळत्या पाण्यात सोडायची. पाव तासात प्रत्येकाचं वेगळं ऑम्लेट एकदम तयार. पिशवीवर नाव लिहायचं म्हणजे घोटाळा नाही. तवा नको, पॅन नको, तेलसुद्धा नको.

मला ते पटलं ते तवा नको म्हणून. आमच्या घरात अंडं येत नाही. मी बाहेर खायचो, टूरवर, बँकेच्या कँटीनमध्ये, आणि मधुमतीला ते माहीत होतं. पण घरात नाही. तिचा बिडाचा तवा, तिची पातेली, तिचा ओटा हे सगळं मी होतं तसं ठेवलं आहे. तिच्या साड्या मुक्ता घेऊन गेली, काही वाटून टाकल्या. स्वयंपाकघर मात्र मी कुणाला हलवू दिलेलं नाही. तिचं म्हणून आता तेवढंच राहिलंय.

म्हणून मी नीट विचार केला. शेगडी पोर्चमध्ये मांडायची, म्हणजे ते स्वयंपाकघर नाही. पातेलं नवीन आणायचं, नंतर माळ्याला देऊन टाकायचं. प्लेटा कागदाच्या. भाज्या बाहेरच्या टेबलावरच चिरायच्या. यात तिचं काही मोडत नव्हतं. मुक्ताने उकळत्या पाण्यात चालणाऱ्या पिशव्या आणि इंडक्शनची शेगडी मागवून दिली. पातेलं मी तेलीबागेच्या बाजारातून आणलं.

रविवारी सगळे आले. धुकं उतरलं होतं आणि पोर्चमध्ये ऊन आलं होतं. मी एक्स्टेन्शन बोर्ड ओढून शेगडी टेबलावर मांडली, पातेल्यात पाणी ठेवलं. पिशव्या आणि मार्कर वाटले.

"अपना-अपना नाम लिखिए," मी म्हणालो.

इंद्रजितनी लिहिलं, 'ठाकुर साहब'.

पद्मिनी भाभी म्हणाल्या, "नाम लिखने को कहा है, भाषण नहीं. और ये प्लास्टिक खिलाएँगे आप हमको, भाई साहब?"

"उबालने वाली है, भाभीजी. पैकेट पे लिखा है."

"पैकेट पे तो बहुत कुछ लिखा रहता है."

देवदत्तने कांदा इतका भरला की अंडं घालायला जागा उरली नाही. प्रतिमा त्याला म्हणाली, "ऑम्लेट करतोयस की लोणचं?" हसणं चाललं होतं. बऱ्याच दिवसांनी आमच्या पोर्चमध्ये माणसांचे आवाज होते. मला बरं वाटत होतं. आणि बरं वाटतंय हे चांगलं की वाईट, तेही कळत नव्हतं.

सगळ्यांच्या पिशव्या चुरून झाल्या. मी पाण्यात बोट घातलं. थंडगार. शेगडी टूं टूं करत होती. मी बटण परत दाबलं. ती पुन्हा दोनदा ओरडली आणि बंद पडली.

देवदत्त उठून आला. त्याने पातेल्यावर टिचकी मारली. "अहो सुधीरराव, हे ॲल्युमिनियम आहे."

"मग?"

"इंडक्शनवर ॲल्युमिनियम तापत नाही. लोखंड किंवा तसलं स्टील लागतं."

"मग आधी सांगायचं नाही का!"

"मला वाटलं तुमच्या घरातलं स्टीलचं असेल. नवीन आणलंय हे मला काय माहीत?"

इंद्रजित म्हणाले, "भाई साहब, बैंक में लोन भी ऐसे ही पास करते थे? बिना देखे?"

सगळे हसले. मीही हसलो. कच्च्या अंड्याच्या पिशव्या नावानिशी ओळीत पडल्या होत्या आणि उपाशी माणसं समोर बसली होती. तेवढ्यात पद्मिनी भाभींनी पातेलं उचललं आणि पदर सावरत सरळ आत निघाल्या. "इसमें क्या है, गैस पे चढ़ा देते हैं."

मी त्यांच्यामागे धावलो. "भाभीजी, रसोई में नहीं!"

त्या दारात थांबल्या. "क्यों?"

"अंदर अंडा नहीं जाता. मधुमती को चलता नहीं था."

पातेल्यातलं पाणी हिंदकळून त्यांच्या हातावर आलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"किसको नहीं चलता था?"

"मधुमती को."

"मधु दीदी तो खाती थीं, भाई साहब. मेरे यहाँ. दोपहर को आती थीं न, तब. वो तो कहती थीं, आपको नहीं चलता."

मी प्रतिमाकडे पाहिलं. का पाहिलं कुणास ठाऊक. ती पिशवीची झिप उघडझाप करत म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, भाऊजी. आम्ही तिघी मिळूनच खायचो."

"मला काय चालत नाही? मी तर बाहेर खातो. तिला माहीत होतं."

"ती म्हणायची, ह्यांना बाहेर चालतं, घरात नाही चालत. आईंचं होतं ना तसं."

आईचं होतं, हे खरं. आई आमच्याकडे असेपर्यंत घरात अंडं आणायचा प्रश्नच नव्हता. पण आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. त्यानंतर मी मधुमतीला विचारलं होतं का? काही केल्या आठवेना. आठवलं ते एवढंच, की मुक्ता कॉलेजात असताना एकदा अंड्यांचा ट्रे घेऊन आली होती. मी म्हणालो होतो, शेजारी नेऊन दे. मधुमतीला त्रास नको म्हणून म्हणालो होतो. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि काही बोलली नाही. मला वाटलं, बरोबर बोललो. आणि तिला वाटलं असेल, ह्यांना नको आहे.

म्हणजे मी वर्षभर जे सांभाळत बसलो होतो ते कुणाचं होतं? तिचं तर नव्हतं. माझंही नव्हतं. मला आईचा राग यावा तर ती बिचारी कधीच गेली. मधुमतीचा राग यावा तर तिने माझ्यासाठीच पाळलं होतं. पद्मिनी भाभींचा थोडा आला, पण त्या तर पातेलं धरून अवघडल्या होत्या.

"तो गैस पर रखूँ?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मला हो म्हणता येईना, नाहीही म्हणता येईना. हो म्हणावं तर इतके दिवस जपलेलं जाणार. नाही म्हणावं तर कुणासाठी? शेवटी मी त्यांच्या हातातून पातेलं घेतलं, आत गेलो आणि स्वतःच गॅसवर ठेवलं. लायटर दोनदा चुकला. पाणी उकळेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.

ऑम्लेटं चांगली झाली. पिशवी कापली की अख्खी वळकटी प्लेटमध्ये घसरायची. देवदत्तचं कांद्यामुळे फुटलं. इंद्रजित खाता खाता म्हणाले, "मान गए, भाई साहब. तवा नहीं, तेल नहीं, और बन गया." त्यांना बोलायला काहीतरी हवं होतं.

मी पद्मिनी भाभींना विचारलं, "कैसा खाती थी?"

"हरी मिर्च खूब सारी. और किनारा कुरकुरा चाहिए होता था उन्हें. ये वाला तो पसंद ही न करतीं." मग त्यांना हसू फुटलं. "और खाकर मुट्ठी भर सौंफ चबाती थीं, कि आपको बास न आए."

ती दुपारी घरी यायची तेव्हा बडीशेपेचा वास यायचा. मला वाटायचं तिला बडीशेप आवडते. अमीनाबादला गेलो की मी तिच्यासाठी पुडा आणायचो, आणि ती घेताना हसायची. हे मी सगळ्यांना सांगितलं. प्रतिमा हसायला लागली, मग देवदत्त, मग मीही. हसता हसता मला कळेना की मी हसतोय की काय करतोय. प्रतिमाने पाण्याचा ग्लास पुढे केला.

निघताना पद्मिनी भाभींनी उरलेल्या अंड्यांचा ट्रे उचलला. "ये हम ले जाएँ, भाई साहब? आपके यहाँ तो..."

"रहने दीजिए," मी म्हणालो.

त्यांनी ट्रे परत टेबलावर ठेवला. पुढच्या रविवारी देवदत्तकडे, असं ठरलं, आणि सगळे गेले.

मी ट्रे आत नेला. फ्रीज उघडला. दारातल्या अंड्यांच्या खळग्यांमध्ये पहिल्यापासून लिंबं असतात, अजूनही होती. मी दोन लिंबं काढली, परत ठेवली. ट्रे ओट्यावर ठेवला, तिथून उचलून जेवणाच्या टेबलावर आणला. तिथेही तो बरा दिसेना. शेवटी मुक्ताला फोन लावला.

"अंडी फ्रीजमध्ये ठेवतात की बाहेर?"

"कुणाची अंडी, बाबा?"

"आपली."

लाइन कट झाली की काय म्हणून मी फोन कानापासून काढून पाहिला. मग परत विचारलं, "आत की बाहेर?"