मस्कतची बॅटरी, दोन उन्हाळे

मस्कतमध्ये बॅटरी दोन उन्हाळ्यांवर टिकत नाही, हे वाक्य कासमला झोपेतही म्हणता आलं असतं. तिथल्याच हमरिया भागात त्याचं बॅटऱ्यांचं दुकान होतं, बावीस वर्षांचं. बॉनेटखालच्या भट्टीत पाणी आटतं, शिशाच्या प्लेटी खंगतात आणि एका सकाळी गाडी हूं की चूं करत नाही. हे त्याने हजारदा पाहिलं होतं.

म्हणून १९९८ साली त्याच्या बायकोच्या, हवाबीच्या, छातीत डॉक्टरांनी पेसमेकर बसवला आणि "आत बॅटरी आहे" म्हणाले, तेव्हा कासमच्या पायाखालची जमीन सरकली. पुढचं त्याने ऐकलंच नाही. बॅटरीचं त्याला कोण शिकवणार? महिन्याभरात त्याने हवाबीला एकटीला विमानात बसवून दापोलीजवळच्या गावी धाडलं. "तिथल्या गार वाऱ्यात टिकेल," तो म्हणाला. तिने मुकाट्याने बॅग भरली. तिला बोलायची सवयच नाही, असं त्याला वाटे. नवऱ्यांना असं बरंच काही वाटत असतं.

तीन वर्षं त्याने करपलेला खिमा खाल्ला. सुट्टीवर गेला की हवाबीच्या गळ्याच्या हाडाखालचा उंचवटा बघे आणि मनातल्या मनात उन्हाळे मोजी.

२००१च्या जूनमध्ये सतीश कांबळे बंद पडलेली गाडी ढकलत आला. इस्पितळातली यंत्रं सांभाळणारा इंजिनिअर. कासमने बॅटरीची टोपणं उघडली, आतल्या कोरड्या प्लेटी दाखवल्या आणि भरायला पाण्याची बाटली उचलत सहज विचारलं, "साहेब, पेसमेकरमध्ये पाणी कसं भरतात हो?"

सतीश हसला. "कासमभाई, ती लिथियमची. आत पाणी नाही, ॲसिड नाही, आटायला काही नाहीच. पूर्वी पारा-जस्ताच्या असायच्या, त्या दोन वर्षांत मान टाकायच्या. आताच्या आठ-दहा वर्षं जातात."

"आणि इथला उन्हाळा?"

"अंगात कुठला उन्हाळा? माणूस मस्कतला असो की महाबळेश्वरला, आत टेम्परेचर सदतीसच."

कासमच्या हातातली बाटली कलंडली. पाणी त्याच्या चपलांवरून वाहत गेलं तरी तो तसाच उभा होता. तीन वर्षं. गावातही सदतीस, हमरियातही सदतीस. आपण इतके मूर्ख कसे, हेच त्याला समजेना. सतीशची गाडी तशीच सोडून तो फोनकडे धावला.

त्याने सगळं सांगितलं.

"डाक्टर तेव्हाच हे बोललेला," पलीकडून हवाबी म्हणाली. "तुम्ही बाजूलाच उभे होता. मला वाटलं, तुम्हाला मी नको झालेय, म्हणून बॅटरीचं निमित्त काढताय."

कासमला मघाशी बसलेला धक्का या धक्क्यापुढे काहीच नव्हता. तीन वर्षं ही बाई असं समजून फोनवर रोज त्याच्या जेवणाची चौकशी करत होती.

"तिकीट धाडू?" त्याने कसंबसं विचारलं.

"तुम्ही या न्यायला," हवाबी म्हणाली. "आले एकटी. जाणार एकटी नाही."